माफीमागची अट

कोणी कोणाला माफ केलं असं कानावर आलं, की वाघमारे सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, “अट काय?” परदेशात, क्लेमेंटी भागात सर भाड्याने राहायचे त्याच फ्लॅटमध्ये मी खोली घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी चुकून त्यांच्या चपला घालून खाली जाऊन आलो. “सॉरी सर,” म्हणालो. “असू दे,” ते म्हणाले, आणि लगेच पुढे, “किती स्वस्तात सुटलास, पाहिलंस? आता विचार कर, मला तुझ्याकडून काय हवं असेल.” त्यांना वाय-फाय सुरू करून हवं होतं.

सर नागपूरचे, पन्नाशीचे, एकटे. जवळच्या विद्यापीठात इतिहासाचं संशोधन करायचे. विषय एकच: जुन्या इंग्लंडात भुरट्या चोरांना राजाकडून मिळणारी माफी. मेंढी चोरली, चांदीचा चमचा उचलला, तरी फाशी सुनावायचे असा तो काळ. मग राजाकडे अर्ज जायचा, गावचा पाद्री नाहीतर जमीनदार शब्द टाकायचा, आणि राजाला दया यायची. फाशी रद्द, पण समुद्रापारच्या वसाहतीत जा, नाहीतर आरमारात भरती हो. लोकांना त्यात राजाचं मोठं मन दिसायचं, सरांना जहाज दिसायचं. “राजाला दया आली ना, की समजायचं, कुठंतरी माणसं कमी पडलीत,” असं ते म्हणायचे. असली माफी नको, त्यापेक्षा फाशीच द्या, म्हणणारेही काही कैदी निघाले होते. त्यांच्याबद्दल सर घरच्या माणसांसारखे बोलायचे. “हक्कानं सुटला तो सुटला. मर्जीनं सुटला तो अडकला.”

हा संशय संसर्गजन्य होता. पाया लेबारच्या ऑफिसात माझ्या चुकीने एक सिस्टीम अख्खी सकाळ बंद पडली आणि मॅनेजर हसून म्हणाला, “इट हॅपन्स.” मी खुशीत घरी आलो. “अट कळली का?” सरांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात माझ्या शनिवार-रविवारच्या ड्युट्या लागल्या. सरांनी त्या दिवशी स्वतः चहा केला.

फ्लॅटच्या मालकीण मिसेस लिम. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. सत्तरीच्या, विधवा, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि पुढे संत्री. सरांना त्यांनी खोली दिली ती एका वाक्यावर: “यू बुद्धिस्ट, आय बुद्धिस्ट, सेम-सेम लाह.” तिथल्या इंग्रजीला शेवटी हे ‘लाह’ लागतंच. सरांनाही ते मनापासून पटलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात बिनप्रश्नांचं मिळालेलं ते एकच घर, आणि तिथून ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर. पुस्तक लिहून व्हायचं होतं ते याच खोलीत.

पण बौद्ध असले तरी दोन्ही घरचे रिवाज वेगळे. आंटी चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळायच्या. त्यासाठी एक कढई निराळी ठेवलेली, तिला मासळी शिवायची नाही. सरांना पौर्णिमा ठाऊक होती. महिन्याचा पहिला दिवसही असतो, हे नव्हतं. त्यांनी नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या कढईत, नागपूरहून आणलेली सुकट खरपूस भाजली. वास हॉलमध्ये बुद्धापर्यंत पोचला. आंटी दारात आल्या, कढईकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. “नेव्हर माइंड लाह. यू डोन्ट नो,” म्हणाल्या आणि कढई घासायला घेऊन गेल्या.

झालं, सरांची झोप उडाली. “रागावली काहून नाही?” ते मला विचारत राहिले. “शब्द कोणी टाकला? तू?” मी नाही म्हटलं. भाडं वाढवेल, म्हणाले. ते वाढलं नाही. दुसरा भाडेकरू पाहिला असेल, म्हणाले. कोणी आलं नाही. चार दिवसांनी आंटींनी त्यांच्या दारासमोर सूपचा वाडगा ठेवला, तर सर त्या वाडग्याकडे पोलिसांच्या नोटिशीकडे बघावं तसे बघत उभे राहिले. सूप मी प्यायलो. स्वयंपाकघरात जाणं त्यांनी सोडलं, आंटी समोर आल्या की खोलीत शिरायचे. शेवटी एका रविवारी बॅगा भरून सेंगकांगला गेले, ग्रंथालयापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. “मर्जीवर राहणं जमत नाही मला,” म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि घर ओकंबोकं वाटायला लागलं तेही खरं.

त्यानंतर आंटी गप्प गप्प झाल्या. एकदा संत्री मांडता मांडता त्यांनी मला विचारलं, “प्रोफेसर स्टिल अँग्री विथ मी, ऑर नॉट?” मला आधी कळेना. मग सगळं बाहेर आलं. आपण त्यांच्यासमोर कढई घासायला घेतली, त्यांच्या अन्नाला घाण म्हटल्यासारखं झालं, म्हणून ते बोलेनासे झाले, सूप ठेवलं तरी राग गेला नाही, आणि घर सोडून गेले. इतके दिवस ती बाई माफी मागत होती.

मी तसाच सेंगकांगला गेलो आणि सरांना सांगितलं. चष्मा कपाळावर गेला, पण प्रश्न आला नाही. “म्हणजे अर्ज तिचा होता,” ते हळूच म्हणाले. “आणि मी तो पडू दिला. हजारो अर्ज वाचले रे मी. हा दारात वाडग्यात आला होता.”

त्याच संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर क्लेमेंटीला आले. आंटींनी दार उघडलं. सर वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे उभे. काय बोलायचं याची एमआरटी मेट्रोत बसून केलेली तयारी सगळी वाया गेली. “आंटी,” ते म्हणाले, “नेव्हर माइंड लाह.”

आंटींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, डोळे पुसले, आणि दरडावून म्हणाल्या, “देन कम इन. ईट फर्स्ट.”

सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “अट,” म्हणाले, आणि चपला काढल्या.