चूल फुंकायला मनाई

फुंकणीचं कोणतं टोक तोंडात धरायचं असतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही ओठ पोळल्यावर. ओठांभोवती काजळीचं कडं घेऊन तसाच चामोर्शीच्या शाळेत गेलो आणि चौथीला स्वच्छतेचा धडा शिकवला. त्या दिवशी वर्ग फारच लक्ष देऊन ऐकत होता.

चुलीशी माझी गाठ पडली ती लेकीमुळे. ती चार वर्षांची असताना तिच्या मेंदूत गाठ निघाली होती. मुंबईला नेऊन ती काढली, वर डोक्याला क्ष-किरणांचा शेक दिला. पोर वाचली. सात वर्षं सुखाची गेली. मग तिच्या डाव्या हातातून वस्तू पडायला लागल्या, त्याही नेमक्या स्वयंपाकाच्या वेळी. मी पडलो मास्तर. निदान तयारच होतं: कामचुकारपणा.

"चूल फुंकल्यावरच पडते तिच्या हातून," बायको म्हणाली. "पानी आनते तवा काऊन नाई पडत?"

"फुंक बरं माझ्यापुढं," मी लेकीला फर्मावलं.

तिनं फुंकलं. डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. मी तिला सावरून धरलं. थोड्या वेळानं हात हलला तशी तीच म्हणाली, "बाबा, मी पास का नापास?"

नागभीडहून गाडी धरून नागपूर गाठलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, शेकानं जीव वाचवला, पण त्यानंच मेंदूच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद झाल्या असाव्यात. जोरानं फुंकलं, हुंदके देऊन रडली, की रक्त आणखी कमी पडतं. एखाद्या दिवशी हात कायमचा जाईल. माझ्याकडं औषध नाही. फुंकू देऊ नका, रडवू नका."

हे त्यांनी तिच्यासमोर बोलायला नको होतं. परतीच्या गाडीत तिनं चिंचा मागितल्या. मी नाही म्हणालो. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, रडू का?"

चिंचा आल्या. मग रिबिनी आल्या, बाजाराच्या दिवशी शाळेला सुट्टी आली, भागाकार तर घरातून हद्दपारच झाला. आणि अख्ख्या चौथीला धाकात ठेवणारा मी चुलीपुढं उकिडवा!

एकदा चिडून बायकोला म्हणालो, "पोरगी आपल्याला खेळवते आहे. कुठवर चालवून घ्यायचं?"

"खेळवू द्या," ती म्हणाली. "आज बी दोनी हातांनी वेणी घातली तिनं. रोज नजर असते माही. हट्ट सोडन ना, त्या दिवशी मले भेव वाटन. फुंका आता, वरण कच्चंच हाय. अन् टोक पाहून घ्या."