निमकर सरांना आठवतं ते कुणाचं?

किस्से काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. ते आपोआप साचतात. आपल्या घरात पिशव्यांच्या पिशवीत पिशव्या साचतात ना, तसे! आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर. माझ्याकडचे निमकर सरांचे किस्से असेच. मराठी मंडळात कुणी नुसतं विचारायचा अवकाश, "रेखा, तुझ्या सरांचं काय नवीन?", की झालं!

आम्ही अमरावतीचे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यांची बदली चंदीगडला झाली. मला मराठी टायपिंग येतं ही बातमी मंडळात पसरली आणि एके दिवशी चंदीगडला चिकटलेल्या मनीमाजऱ्याहून निरोप आला, निमकर सरांना टायपिस्ट हवी आहे.

निमकर सर म्हणजे जुने पत्रकार. मूळचे रत्नागिरीकडचे, पण ऐन तरुणपणी इथल्या एका इंग्रजी पेपरात आले ते आलेच. रिटायर झाल्यावर चरित्रं लिहायला लागले. एक न्यायमूर्ती झाले, एक हॉकीपटू झाला, एक जनरलसाहेब होत आले होते. सगळं इंग्रजीत. आता स्वतःचं लिहायचं होतं, तेही मराठीत.

का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्यांचं सगळं इंग्रजीत लिहिलं. माझं तरी मला कळेल अशा भाषेत लिहू दे की यार!"

*

पहिल्याच दिवशीचा घोळ ऐका.

मी बेल वाजवली. सरांनी दार उघडलं. "या, या! वाटच बघत होतो." मला खुर्ची दिली, समोर बसले, पेन उघडलं आणि एकदम मऊ आवाजात विचारलं, "वडील घरी कडक होते का हो?"

आता टायपिंगच्या कामाला वडिलांचा काय संबंध? पण मोठा माणूस विचारतो म्हटल्यावर सांगितलं. "होते थोडे. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचे काहीच नाहीत. नुसतं ताट पुढे सरकवायचे. मग घर सगळं चिडीचूप."

"वा!" सरांनी लिहून घेतलं. "आणि आघाडीवरून परत आल्यावर?"

"कुठून?"

"बॉर्डरवरून."

"बडनेऱ्याहून यायचे हो, सायकलनं! माझे बाबा पोस्टात होते!"

सरांनी पेन खाली ठेवलं. झालं असं होतं, की त्या मराठी जनरलसाहेबांची मुलगी त्याच दिवशी भेटायला यायची होती. मी आधी पोचले!

पुढे पुस्तक आलं. चाळते तर काय, मीठ आणि ताट जसंच्या तसं आत! मी म्हटलं, "सर, हे माझ्या बाबांचं आहे!"

"अगं, पण मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, अगदी असंच."

प्रकाशनाला ती मुलगी भेटली. माझा हात धरून म्हणाली, "ते ताट सरकवण्याचं वाचून मला रडू आलं हो. तो आवाज अजून कानात आहे."

माझे बाबा बंदूक हातात न धरता जनरल झाले. घरी येऊन हे सगळं पोरीला सांगितलं. तिला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीतच देते. म्हणाली, "मम्मा, अंकल कन्फ्यूज्ड हैं या आप?"

*

सरांच्या तरुणपणाचे किस्से मला बलबीरजींकडून कळले. बलबीरजी म्हणजे त्याच पेपरातले रिटायर फोटोग्राफर. सरांचा जुना दोस्त, आठवड्यातून दोनदा तरी चहाला असतोच.

चंदीगडात सगळं नंबरानं चालतं, पण तेरा नंबरचा सेक्टर आखलाच नव्हता. बारा झाला की चौदा! ऑफिसातल्या सीनियर मंडळींनी नव्या पोराची गंमत करायची ठरवली. सरांना सांगितलं, "सेक्टर तेरामध्ये पाण्याचा त्रास आहे म्हणतात. जाऊन बघून ये."

सर सायकल घेऊन निघाले. दिवसभर फिरले. संध्याकाळी घामाघूम होऊन परत आले. सगळे हसायला टपलेलेच.

सर म्हणाले, "सेक्टर नाही सापडला. पण सापडेल."

"अरे, नाहीच आहे तर सापडणार कसा?"

"नाही कसा? ज्याला ज्याला विचारलं त्यानं रस्ता सांगितला! एक म्हणाला आगे से लेफ्ट. एक म्हणाला, मोठा चौक ओलांडा. एकाची तर मावशी राहते तिथे!"

हसता हसता बलबीरजींना ठसका लागतो इथे. पण खरी गंमत पुढे आहे. आता अलीकडे सरकारनं काय केलं, तर मनीमाजऱ्यालाच सेक्टर तेरा असं नाव देऊन टाकलं. म्हणजे सर राहतात तोच! मी म्हटलं, "सर, सापडला की शेवटी!"

सर गंभीरपणे म्हणाले, "हो. पण पाण्याचा त्रास खरंच आहे गं इथे."

*

न्यायमूर्तींचं चरित्र लिहिणं म्हणजे सरांच्या मते सगळ्यात कठीण काम. गृहस्थ रिटायर झालेले, पण सवय गेलेली नव्हती. सरांनी विचारलं, "आपलं लग्न प्रेमविवाह की ठरवून?"

न्यायमूर्तींनी डोळे मिटले. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "फ़ैसला सुरक्षित रखा जाता है."

पुढच्या भेटीत विचारलं, तरी तेच. त्याच्या पुढच्या भेटीत आतून न्यायमूर्तींच्या बाईंचाच आवाज आला, "लव्ह मॅरेज था जी! लिख दो!"

न्यायमूर्ती सरांकडे वाकून हळूच म्हणाले, "मैं अपील करूँगा."

*

आता आत्मचरित्राकडे येते.

सर सांगायचे, मी टाइप करायची. आतल्या खोलीत काकू. सरांच्या पत्नी, मूळच्या सांगलीच्या. स्वयंपाकघराचं दार उघडं असायचं आणि तेच नडलं!

सर सांगू लागले, "मी लहान असताना घरामागच्या कालव्यात पडलो. एका गुराख्यानं केसाला धरून ओढून काढलं..."

आतून आवाज, "तुमच्या घरामागं कालवा कुठला? माझं सासर मला ठाऊक नाही होय? ते जनरलसाहेबांचं!"

सर थांबले. मी खोडलं.

दुसऱ्या दिवशी, "बूट नव्हते म्हणून आम्ही अनवाणीच खेळायचो, आणि एकदा सामन्यात अंगठ्याचं नख..."

"हॉकीवाला!" आतून.

मी खोडलं.

असं चाललं होतं. पण मग सरांनी शाळेचा पहिला दिवस सांगितला. घरातली शेळी त्यांच्या मागोमाग वर्गात शिरली. गुरुजींनी हाकललं नाही. म्हणाले, बसू दे, ही शिकली तरी बरं. आणि शेळी खरोखर शाळा सुटेपर्यंत बसून राहिली. इतकं सुंदर सांगितलं सरांनी, की टाइप करता करता मी थांबलेच.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "शेळी माझी."

"काय?"

"माझी शेळी. ढवळी. शाळा माझी, गुरुजी माझे. लग्न झाल्यावर मीच तुम्हाला सांगितलं होतं."

सर म्हणाले, "पण मला ती दिसते गं. दारातून आत येताना दिसते."

काकूंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. सरांनी तो घेतला नाही. थोड्या वेळानं मला म्हणाले, "रेखा, आज राहू दे. आयुष्यभर लोकांना विचारत बसलो, तुमचं काय, तुमचं काय? माझं म्हणून काही उरलंय की नाही, तेच कळेना."

त्या 'आज राहू दे'चे पुढे कितीतरी दिवस झाले. मी जायची, चहा व्हायचा, कॉम्प्युटर उघडायचा नाही. सर पेपर वाचत बसायचे, पण पान उलटायचे नाहीत.

*

उपाय बलबीरजींनी सुचवला. "ओ यार, अपनी बहन को पूछ!"

सरांची मोठी बहीण रत्नागिरीला असते, माई. वय पुष्कळ, पण आवाज खणखणीत. फोन स्पीकरवर लावला. सर म्हणाले, "माई, माझी लहानपणची एखादी गोष्ट सांग गो. पुस्तकात घालायची आहे."

माई सुरूच झाल्या! फणसाच्या झाडावर चढून बसला होतास, संध्याकाळपर्यंत उतरला नाहीस, बाबांनी मग खालून पोळीचा लाडू दाखवला. मी भराभर टाइप करतेय, सरांचा चेहरा खुलतोय, काकू दारात उभ्या, पण चकार शब्द नाही.

गोष्ट संपल्यावर माईंनी विचारलं, "पण तू कोणता रे? मोठा की धाकटा?"

सर म्हणाले, "माई, आपण दोघंच भावंडं! तू आणि मी!"

माई म्हणाल्या, "असं होय? मग तूच असशील."

*

आणि आता हा शेवटचा किस्सा. हा मी मंडळात अजून कुणाला सांगितलेला नाही, कारण कसा सांगायचा तेच मला कळत नाही.

थंडीचे दिवस. धुकं उठलं की इथे सगळं गाव उन्हाला खुर्च्या टाकून बसतं. आम्हीही सरांच्या गच्चीवर बसलो होतो. सर, काकू, बलबीरजी आणि मी. मध्ये शेंगांचा ढीग. तेवढ्यात जिन्यावरून एक म्हातारे सरदारजी काठी टेकत वर आले, बरोबर त्यांची नात. ती खरड गावाजवळच्या एका कॉलेजात शिकते. तिथे सरांचं भाषण झालं होतं, त्याचा फोटो तिनं घरी दाखवला, तेव्हापासून आजोबांनी धोशा लावला होता, मला या माणसाकडे घेऊन चल.

त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुसी निमकर? बंबईवाले?"

"रत्नागिरी," सर म्हणाले. चूक दुरुस्त करायची सवय!

मग ते खाली बसले आणि बोलू लागले. अर्धं पंजाबी, अर्धं हिंदी, अडेल तिथे नात सांगायची. पंजाबातली दहशतवादाची ती वाईट वर्षं, रोज कुठे ना कुठे गोळीबार व्हायचा तेव्हाची गोष्ट. त्यांच्या धाकट्या भावाला घराच्या दारात गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी घरचे पुरुष सगळे हॉस्पिटलात, घरी आई एकटी आणि गोठ्यात ढोरं उपाशी हंबरत होती. तेव्हा एक किडकिडीत पत्रकार चालत आला. पंजाबी येत नव्हतं. त्यानं काही विचारलंच नाही. खांद्यावरची पिशवी ठेवली आणि चारा कापायच्या यंत्राचं चाक फिरवायला लागला. ढोरांना चारा घातला. मग आईजवळ जाऊन बसला, दिवस उतरेपर्यंत. आई तिच्या भाषेत बोलत होती, हा ऐकत होता. एक रोटी खाल्ली आणि गेला.

"दुसऱ्या दिवशी आम्ही पेपर आणला," सरदारजी म्हणाले. "त्यात काहीच नाही! त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आम्ही शिव्या दिल्या तुम्हाला. रोटी खाल्ली आणि दोन ओळी लिहिल्या नाहीत!"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. आजूबाजूच्या ज्या घरांची नावं छापून आली, कोण काय बोललं ते छापून आलं, त्या घरांवर गोळ्या घालणारे परत आले. यांच्या घराकडे कुणीच फिरकलं नाही. "मेरे बच्चे बच गए जी." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "ये भी."

सर एकदम पत्रकारासारखे सरसावले. गाव कोणतं? मी चालत आलो म्हणता, कुठल्या बाजूनं? बरोबर फोटोग्राफर होता? चष्मा होता का मला?

"चष्मा होता. एक काडी दोऱ्यानं बांधलेली. काळा दोरा."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दोरा मी बांधला होता," त्या पुटपुटल्या. "पण हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"मी असतो तर लिहिलंच असतं," सर म्हणाले. "बातमी सोडून मी कधी परत आलेलो नाही."

बलबीरजी मान हलवत म्हणाले, "ओ यार, उन दिनों टेलिप्रिंटर आधा टाइम बंद. तूने भेजी होगी, पहुँची नहीं होगी."

म्हणजे काय? मशीन बंद होतं म्हणून हे घर वाचलं? मी सरांकडे बघते, सर बलबीरजींकडे, काकू सरांकडे.

सरदारजींनी नातीकडून सगळं समजून घेतलं. मग पुढे वाकले आणि अगदी हळू विचारलं, "तुसी जान के नहीं सी लिखया ना? मुद्दामच लिहिलं नाहीत ना तुम्ही?"

खाली मनीमाजऱ्याच्या बाजारात कुणीतरी रेवड्या विकत ओरडत होता.

"मला आठवत नाही," सर म्हणाले.

नातीनं ते आजोबांना सांगितलं. म्हातारा हसला. सरांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला,

"कोई गल्ल नहीं जी! सानूं याद है. आम्हाला आठवतंय."