खलनायकाची अर्धी प्रदक्षिणा

न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनच्या थंडीला कंटाळून आम्ही जुलैत थायलंडला गेलो, असं बायको सांगते. खरं कारण माझ्या बॅगेत होतं: काळा सूट आणि बो टाय. समुद्रातून सरळ उभा राहिलेला चुनखडीचा तो सिनेमातला सुळका, आणि त्याच्यासमोर दोन बोटांचं पिस्तूल रोखलेला खलनायक, म्हणजे मी! हा फोटो मला शाळेपासून हवा होता. सूट अजून अंगात बसतोय तोवर उरकून घ्यावं म्हटलं.

पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईही बरोबर होत्या.

होडीत आमच्याशिवाय एक गोरं जोडपं होतं. पायांत जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. निघाले हॅमिल्टनजवळचेच, आमच्याच वायकाटो भागातले, गाईवाले! भर उकाड्यात मी सूट चढवला तेव्हा नवरा ओरडला, "स्वीट ॲज, मेट!" म्हणजे एकदम झकास, दोस्ता.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, लग्नातसुद्धा इतके नटला नव्हतात."

सुळका दिसला. मी बो टाय सरळ केला. सासूबाईंनी चपला काढल्या.

"अगं बाई, ही तर साक्षात पिंड!"

"आई, सिनेमातला दगड आहे तो," बायको म्हणाली.

"सिनेमा काल आला. पिंड आधीची. प्रदक्षिणा घालायची."

होडीवाल्याने घोळ घातला. ओहोटी लागलीय, म्हणाला. एक तर बेटावर उतरा, नाहीतर सुळक्याला फेरी मारू. बेटावर उतरलो तरच माझा फोटो! मी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि "फेरी" म्हणालो.

होडी निघाली. सुळक्याच्या मागे पोचतोय तोच सासूबाई कडाडल्या, "थांबवा! शंकराला पूर्ण प्रदक्षिणा नसते! पन्हळ ओलांडायची नाही!"

अभिषेकाचं पाणी वाहून जातं ती पन्हळ. तिच्यापर्यंत जायचं, मागे फिरायचं, मग उलट्या बाजूने पुन्हा तिच्यापर्यंत. हे मी सूटमध्ये हातवारे करून होडीवाल्याला समजावलं. माझं काहीतरी पाण्यात पडलंय अशी समजूत करून घेऊन तो वाकून शोधू लागला.

"पण आई, इथे पन्हळ कुठाय?"

"उत्तरेला असते."

गाईवाल्याने मला विचारलं, "काय हवंय त्यांना?"

"उत्तर दिशा."

त्याने लगेच फोनवरचं होकायंत्र काढलं आणि हात लांब केला. तिथून पुढे कारभार त्याच्याकडेच. उत्तर जवळ आली की गाय अडवावी तसा आडवे हात पसरून "होऽऽ!" करायचा, आणि होडी वळायची.

"ह्यांना कळतं हो," सासूबाई मला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

दुसरी अर्धी फेरी संपत आली. आता नाही तर कधीच नाही! मी बाकावर पाय रोवला, भुवई चढवली, सुळक्यावर दोन बोटं रोखली. बायकोने फोन धरला.

"देवावर काय रोखताय? हात जोडा!"

हात आपोआप जुळले. मानही झुकली. फोटो निघाला, आणि होडी परतीला लागली.

आता तो हॅमिल्टनच्या आमच्या दिवाणखान्यात आहे. घामाघूम खलनायक नम्रपणे वाकलाय. शेजारी जॅन्डल्स काढून हात जोडलेलं जोडपं. पाहुणे विचारतात, "शेवटी हा सुधारतो का?"

सासूबाई चहा ओतता ओतता म्हणतात, "प्रयत्न चालू आहेत."