आकसण्याचा अभ्यास

गेल्या वर्षी माझी बायको घर सोडून जाणार होती. रोज दुपारी एक ते चार. समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक खोली भाड्याने मिळत होती, ती तिने स्वतःच्या पेन्शनमधून घ्यायचं ठरवलं होतं. वरणाला फोडणी देता देता तिने हे मला सांगितलं आणि वर 'चारच्या चहाला येईन' असंही म्हणाली. आमचं भांडण झालेलं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं, आणि मी निवृत्त झाल्यापासून 'जेवायला या' आणि 'रिमोट कुठाय' यापलीकडे आमच्यात फारसं बोलणं उरलं नव्हतं.

धायरीतला आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. त्यातली दुसरी बेडरूम माझ्या खोक्यांची. घरात आलेल्या प्रत्येक यंत्राचं खोकं मी थर्माकोलसकट जपून ठेवतो. मिक्सर, पंखे, प्रिंटर, दोन इस्त्र्या. ज्या टीव्हीचं खोकं छताला टेकलं होतं, तो टीव्ही एक्स्चेंजमध्ये जाऊन नऊ वर्षं झाली होती. ही खोली तिला हवी होती हे मला माहीत होतं. 'तिथे तू करणार काय?' असं मी दर वेळी विचारायचो. ती गप्प बसायची आणि मी जिंकलो असं मला वाटायचं.

याच सुमाराला मी ज्यूंच्या गूढविद्येकडे वळलो. त्याचा घराशी काही संबंध नव्हता. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एका सभासदाने व्याख्यान द्यायचं असतं. मधुमेह तीनदा झाला होता, गीता दोनदा. माझी पाळी आली तेव्हा चिटणीस म्हणाले, "झेपेल असा विषय घ्या. गुडघे वगैरे." माझं डोकं सणकलं. "कब्बाला," मी म्हणालो. "ज्यूंची गूढविद्या." हा शब्द मला आदल्या दिवशी शब्दकोड्यात अडला होता. त्याहून जास्त मला काही माहीत नव्हतं.

पहिला आठवडा मी मोबाइलवर शिकलो. कब्बालावाले मनगटाला बांधतात तसला लाल दोरा मागवला. हिब्रू अक्षरांना आकडे असतात आणि शब्दांच्या बेरजा करून गूढ अर्थ काढतात असं कळलं. हिब्रू येत नसल्यामुळे मी क, ख, ग यांनाच आकडे दिले. माझ्या नावाची बेरीज आणि बटाट्याची बेरीज एकच निघाली. बायकोला सांगितलं तर तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

शेवटी संघातल्या एकांनी रास्ता पेठेतल्या त्यांच्या ओळखीच्या वृद्ध ज्यू गृहस्थांकडे पाठवलं. वय पंच्याऐंशीच्या पुढे, टपाल खात्यातून निवृत्त, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, शनिवारी, बंद ठेवायचे. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "हे काय, शेळी बांधायचीय?" मी दोरा बाहीत सरकवला.

"वय?"

"सहासष्ट."

"चाळिशी उलटली, ते बरं झालं. आमच्याकडे चाळिशीपर्यंत मूळ धर्मग्रंथ पोटभर वाचायचे आणि मगच इकडे वळायचं, असा नेम. आपलं पोट तर रिकामं दिसतंय. असू द्या. एक ओळ देतो. एका ओळीने अपचन होत नाही."

मी वही काढली. ती त्यांनी मिटायला लावली. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी आपल्या मराठीत लिहून दिलं की, आरंभी सगळीकडे देवच होता, जगाला जागाच नव्हती, म्हणून देव स्वतःत आकसला आणि तेवढी जागा मोकळी झाली.

"आता जोडीदार शोधा," ते म्हणाले. "हे एकट्याने वाचायचं नसतं. एकट्याने वाचणाऱ्याला सगळं कळल्यासारखं वाटतं. समोरासमोर बसायचं आणि या ओळीवरून तासभर भांडायचं. अर्ध्या तासाने बाजू बदलायची. दुसऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली पाहिजे. हा माझ्या वडिलांचा नियम."

पुण्यात भांडायला माणूस मिळत नाही असं कधी होईल यावर माझा विश्वास नव्हता. पण मी ज्याला विचारलं त्याला बाजू बदलायची नव्हती. नाइलाजाने बायकोला विचारलं.

"रोज तासभर भांडायचं? आणि तुम्ही मध्येच उठून जायचं नाही?"

"नियमच आहे तसा."

तिने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत समोर येऊन बसली.

पहिले दोन दिवस आम्ही देवाबद्दल भांडलो. माझं म्हणणं, देवासारख्या देवाने आकसायचं म्हणजे कमीपणा. ती म्हणाली, "आकसला म्हणून तर देव. नाहीतर नुसता पसारा." तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की, आकसण्याआधी देव खोकी जपून ठेवायचा का. चौथ्या दिवसापासून देव बाजूला राहिला.

बाजू बदलल्यावर मात्र ती माझी वकिली अशी करायची की ऐकत राहावं. "खोकी लागतात हो. घर बदललं तर? वॉरंटीत वस्तू परत पाठवायची झाली तर? माणसाने चाळीस वर्षं नोकरी केली, त्याला स्वतःचं म्हणून काही नको?" इतकं चांगलं माझ्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं.

मग माझी पाळी. मी घसा खाकरला आणि मला कळलं की तिची बाजू मला माहीतच नाही.

"बोला," ती म्हणाली.

"मला खोली हवी, कारण मला शिवणकाम करायचंय."

"चूक."

"वाचन."

"चूक."

"ध्यान?"

"चूक. मला तिथे काही करायचं नाहीये. लग्न झालं तेव्हा आपण सासूबाईंच्या खोलीत झोपायचो. मग मुलं. मग मुलांच्या परीक्षा. आता तुम्ही. दार लावून नुसतं बसायचंय मला. कुणी 'काय करतेस' म्हणून विचारू नये." ती रडत नव्हती. मीच रडवेला झालो होतो, आणि तास संपायला वीस मिनिटं होती.

मी रास्ता पेठेत जाऊन विचारलं, "देवाला त्या जागेचं करायचं काय होतं?" गुरुजी म्हणाले, "मला कल्पना नाही. पण तिथे कोण काय करणार याची यादी मागून तो आकसला नसावा." मग त्यांनी मला खोकल्याच्या गोळ्या आणायला पाठवलं.

व्याख्यान झालं. एका सभासदांनी विचारलं, याने शुगर उतरते का. मी म्हटलं, माझी बायको घरात राहते का ते आधी बघतो, मग सांगतो. सभेने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. तो एकेक खोकं उचलून बघत होता.

"काका, आत काय हाय?"

"काही नाही."

"कशातच न्हाय?"

"नाही."

"मग इतकी वर्षं सांभाळलं काय?"

मी त्याला पाणी दिलं. खोली रिकामी व्हायला दोन तास लागले. टीव्हीचं खोकं जिना उतरताना मला उगाचच वाईट वाटलं.

त्या दुपारी बरोबर एक वाजता ती आत गेली आणि तिने कडी लावली. मी बाहेर पेपर घेऊन बसलो. दीड वाजला. आतून आवाज नाही. फोन नाही, भांडं नाही, काही नाही. मला खरंच भीती वाटली की आपल्यावाचून हिचं काहीच अडत नाहीये. अडीच वाजता राहवेना. अडतीस वर्षांच्या संसारात घरातलं दार मी पहिल्यांदाच वाजवलं.

"कोण?"

घरात आम्ही दोघंच.

"मी."

"काय काम आहे?"

मी खूप आठवून पाहिलं. चष्मा सापडत होता, रिमोट हातात होता, चहाला अजून वेळ होता.

"काही नाही," मी म्हणालो.

मग कडी निघाली.

"मग या," ती म्हणाली.