नाहीचा रकाना

आमच्या ऑफिसात तिला सगळे 'फॉर्मवाल्या ताई' म्हणायचे. दर तीन वर्षांनी जिल्ह्यात घरोघरी जाऊन कोण दारू पितं, कोण नशेच्या गोळ्या खातं, त्यात मोठी माणसं किती आणि तरुण मुलं किती, हे विचारून लिहायचं, हे तिचं काम. तिने आणलेल्या फॉर्मांची बेरीज मी करायचे. तिचे फॉर्म वेळेवर यायचे आणि एकही खाडाखोड नसायची. साहेब तिचं उदाहरण देऊन आम्हाला टोमणे मारायचे, म्हणून सुरुवातीला ती मला अजिबात आवडायची नाही.

तिची खोड मला नंतर कळली. दारातली बाई काकुळतीने "ताई, हे नका लिहू, ह्यांची नोकरी जाईल" म्हणाली, की ही 'नाही'च्या रकान्यात खूण करायची. मग आत नवरा जमिनीवर आडवा पडलेला का असेना.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती मला ऐकवायची. "तुझ्या तक्त्यापायी लोकांची अब्रू काढू का?"

हिला हा शहाणपणा कोणी सांगितला होता? पण मीही तोंड उघडलं नाही. आकडे कमी आले की साहेब खूश असायचे आणि मला लवकर घरी जाता यायचं.

तीन सर्व्हेंत आकडा निम्म्यावर आला. वरून शाबासकी आली, आणि गरज उरली नाही म्हणून सरकारी दवाखान्यातला व्यसनमुक्तीचा वॉर्ड बंद झाला. बारा खाटा होत्या.

दोन महिन्यांनी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी गोळी मिळाली नाही की भिंतीवर डोकं आपटून घेत होती. शेजारच्या जिल्ह्यात खाटेसाठी पाच महिने थांबा म्हणाले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या सर्व्हेच्या आधीपासून."

मी तिच्या घराचा फॉर्म काढून पाहिला. तिथेही 'नाही'च होतं.

साहेब म्हणाले, चाळीस घरांनी 'आमच्याकडे गरज आहे' असं सहीनिशी दिलं तर वॉर्डाचा विषय पुन्हा वर पाठवता येईल. तशी घरं तिला तोंडपाठ होती. मीही सोबत गेले. पहिल्याच दारात 'ह्यांची नोकरी जाईल' म्हणणारी ती बाई होती, गालावर निळा डाग घेऊन. ताईने तिला सगळं सांगितलं, स्वतःच्या मुलीचंही.

बाईने तिचा हात हातात घेतला. "वाईट वाटतं हो ताई. पण आमच्याकडे तसलं काही नाही. तुम्हीच तर तीनदा लिहून नेलंत."

सव्वीस दारं झाली. सही एकही मिळाली नाही. सत्ताविसाव्या घराच्या जिन्यात ती मटकन खाली बसली. मी कागद हातात घेतला, तर त्यावर तिची स्वतःचीही सही नव्हती.

"अगं, तू तरी सही कर. तुझी पाहून दुसरी करेल."

मी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं आणि कागद मांडीवर ठेवला.

"पोरीला पुढे नोकरी कोण देईल गं?" ती म्हणाली.

मला तिचा संताप आला आणि रडूही आलं. तिने पेनाला टोपण लावलं आणि ते मला परत दिलं.