जुन्या दुखण्याचा अर्ज

सौदीतल्या राबिघमध्ये बावीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शाळा सातवीपर्यंतच झाली. अरबी मी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून कमावली. माझ्या अर्जाने कफीलसुद्धा विरघळतो, असे आमचे रत्नागिरीकडचे कामगार म्हणत, आणि मला ते अतिशयोक्त वाटत नसे.

इथल्या नागरिकाला सरकारी इस्पितळ मोफत आहे. आम्हां परक्यांचा विमा कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, असतो त्या मालकाने, काढायचा. त्याने तो काढला नाही, तर तातडीच्या विभागाचे दार तेवढे उरते. जिवावर बेतले असेल, तर तिथे आधी उपचार होतात आणि कागद नंतर विचारतात. हा नियम मला पाठ होता.

माझ्या खोलीतल्या वेल्डरला मधुमेह होता. त्याच्या पायाला जखम झाली आणि तीन दिवसांत अंगठा काळा पडला. अंगात ताप. विमा संपलेला, कफील फोन उचलेना.

"भाय, सरळ तातडीत जाऊया."

"रिकाम्या हाताने? थांब."

मी दोन पाने लिहिली. हा गरीब ही जखम तीन वर्षे मुकाट्याने सोसत आहे, असे त्यात घातले. तीन दिवसांच्या दुखण्याने कोणाचे मन हलते?

"तीन वर्षं कधी झाली, भाय?"

"तू पाय सांभाळ. भाषा मी सांभाळतो."

तातडीच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला. पाय पाहिला नाही. "जुने दुखणे. तातडीत बसत नाही. विमा आणा, नाहीतर कफीलाचे पत्र. खलास."

"जखम ताजी आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याच ओळीवर बोट ठेवले. "मग हे खोटे लिहिलेत?"

खाली माझा शिक्का होता. मी वेल्डरला घेऊन परत फिरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर नोंदीतही 'जुने दुखणे' चढलेले.

पत्रासाठी कफीलाने सहा दिवस फिरवले. सातव्या दिवशी वेल्डरची शुद्ध हरपली, तेव्हा त्याच दाराने त्याला आत घेतले. एकही कागद न विचारता. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

त्या कफीलाला आणि त्या कारकुनाला मी आजही शिव्या मोजतो. त्यांच्या हाती लेखणी मात्र मी दिली होती.

गावी परतण्यापूर्वी वेल्डर म्हणाला, "विमानतळावर चाकाची खुर्ची हवी, भाय. अर्ज द्या लिहून. आहे तेवढंच लिहा."

मी एक ओळ लिहिली. त्याने ती दोनदा वाचून घेतली आणि मगच खिशात ठेवली.