परतसाहेबांचं हिरवं बटण

कंपनीच्या हिशेब खात्यात सगळे त्यांना मागून परतसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावरचं बिल पहिल्या फेरीत पास झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. कधी शिक्का तिरका, कधी सही पुसट, कधी काहीच नाही, तरीही परत! बाहेर बाकड्यावर माल पुरवणारे ताटकळत बसायचे आणि साहेब काचेतून त्यांच्याकडे बघत निवांत चहा घ्यायचे. याला ते काटेकोरपणा म्हणत. आपणही म्हणू, आपलं काय जातंय?

मग बिलं, खात्याचे प्रस्ताव, सगळंच मोबाइलवर यायला लागलं. हिरवं बटण दाबलं की पास, लाल दाबलं की परत. वर भिंतीवर एक स्क्रीन लागला: कुणाकडे काम किती वेळ अडकलंय ते सगळ्यांना दिसावं म्हणून. पहिल्याच आठवड्यात साहेबांचं नाव सगळ्यांत वर, लालभडक. त्यातच कुजबुज सुरू झाली की खात्यातली एक खुर्ची यंदा उडणार. साहेबांची पाचावर धारण बसली. निवृत्ती लांब होती आणि मुलीचं शिक्षण अजून अर्ध्यावर होतं.

त्यांनी सोपा मार्ग काढला. लाल बटणाला हातच लावायचा नाही. सकाळी दाढी करताना फोन वाजला की आतून हाक यायची, "अगं, बघ गं जरा!"

बायको भाजी निवडता निवडता हात पुसून फोन घ्यायची. "अहो, वाचून दाखवू का?"

"वाचतेस कसलं? हिरवं दाब!"

ती दाबत गेली. स्क्रीनवर साहेब आता वेगात पहिले आले. तत्परतेचं प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर नाव अर्थातच साहेबांचं. उभ्या जन्मात ज्यांनी लोकांना रखडवलं, ते आता पोरासोरांना वेगाचं महत्त्व समजावू लागले. कोडगेपणाला काही सीमा असते का?

वर्ष सरता सरता मॅनेजर बाईंनी बोलावलं. वयाने साहेबांच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, आवाज मऊ.

"सर, वर्षभरात तुम्ही एकही बिल परत पाठवलं नाहीत. नुसतं हिरवंच दाबायचं असेल, तर ते यंत्रही दाबेल; आजपासून जरा रेंगाळलेलं बिल तेच पास करतंय. महिनाअखेर तुमची जागा बंद होतेय."

साहेब ताडकन उठले. "खात्याचा प्रत्येक प्रस्ताव आधी माझ्याकडे येतो!"

"आला होता ना, परवा सकाळी. तुम्ही लगेच मंजूर केलात."

घरी येऊन साहेबांनी बायकोवर आवाज चढवला.

"मी विचारत होते, वाचून दाखवू का म्हणून," ती म्हणाली.

साहेबांना रडू येत होतं, पण बायकोसमोर रडायची सवय नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने चष्मा लावला. या वेळी तिने न विचारताच वाचलं, "तुमच्या निरोपाच्या चहापाण्याचं बिल आलंय."

साहेबांच्या अंगात जुनं वारं शिरलं. "परत पाठव! शिक्का नाही म्हणावं!"

तिने लाल बटण कधी दाबलंच नव्हतं. ते शोधण्यात जरा वेळ गेला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपोआपच पास झालं."